तात्पुरतं घर, पक्का कागद

मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय.

गेल्या महिन्यात एका वाडीत बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते मांडून झाले, वहीवर सह्या झाल्या. मग एकीनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक गोरं जोडपं. डोंगराच्या कुशीत चाकं लावलेली पांढरी खोली, दारात कुंड्या, हातात चहाचे कप. ती म्हणाली, "मॅडम, हे लोक शहरातलं घर सोडून या डब्यात राहतात म्हणे. लाईट नाही, नळ नाही, आणि तरी हसतायत. आमचं घरकुल होईपर्यंत आम्ही मांगरात दीड वर्ष काढलं. आम्ही का नाही हसलो?"

सगळ्या खळखळून हसल्या. मला मात्र उत्तर देता आलं नाही. कारण माझी मामेबहीण अशाच डब्यात राहिली आहे. वर्षभर म्हणून राहायला गेली आणि तीन वर्षं दोन महिने राहिली. त्या रविवारी मी तिला फोन लावला आणि तुमचे सगळे प्रश्न तिला विचारले. आजचं बोलणं त्यावरच आहे.

ताई मूळची वेंगुर्ल्याकडची. नर्सिंग करून जर्मनीत गेली. तिथल्या दवाखान्यात आठ वर्षं रात्रपाळ्या केल्या. नवरा तिकडचाच. दोघांनाही शेताची आवड, पण जर्मनीत जमीन परवडेना. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी पोर्तुगालच्या मध्य भागात, कास्तेलो ब्रांको जिल्ह्यात, एक हेक्टर जमीन घेतली. एक हेक्टर म्हणजे आपले अडीच एकर. जमिनीत ऑलिव्हची झाडं, दगडी बांधांचे मजगे आणि छप्पर पडलेलं एक दगडी घर.

तिथं जमीन का मिळते, तेही ऐका. १९६० नंतरच्या काळात त्या डोंगरी भागातली तरुण माणसं कामासाठी फ्रान्सला, जर्मनीला गेली. मागं म्हातारी माणसं राहिली. ती गेल्यावर घरांची छपरं खचली, मजग्यांवर झुडपं माजली. आपल्याकडे चाकरमानी मुंबईला गेले आणि वाडीतली घरं बंद पडली, तशीच ही गोष्ट. आता इंग्लंड, हॉलंड, जर्मनीतली माणसं तिथं येऊन पडकी घरं घेतात. घर उभं राहायला काही वर्षं लागतात. तोवर भाड्याचं घर आणि बांधकाम हे दोन्ही खर्च झेपत नाहीत. म्हणून जमिनीवरच कॅराव्हॅन आणून राहायचं.

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायची खोली. लांबीला एसटीच्या निम्मी, रुंदीला जेमतेम सात फूट. आत पलंग, छोटी शेगडी, हात धुवायचं भांडं, दोन कपाटं. भिंती पातळ. ती सुट्टीत पंधरा दिवस फिरायला बनवलेली असते. संसाराला बनवलेली नसते. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

कागद कुणाच्या नावावर?

तुमच्यापैकी एका मावशींचा पहिला प्रश्न हाच होता. ताई म्हणाली, "अगो, त्या मावशींना माझा नमस्कार सांग. बाकीचे लोक मला आधी लाईट किती ते विचारतात."

तिकडे जमिनीची नोंद दोन ठिकाणी असते. एक कर भरायच्या कार्यालयात आणि दुसरी मालकीच्या नोंदणी कार्यालयात. दोन्हीकडचं क्षेत्र आणि नावं जुळतीलच असं नाही. आजोबाच्या नावची जमीन, वारस सात, त्यातले चार फ्रान्सला. सगळ्यांच्या सह्या आल्याशिवाय विक्री होत नाही. सामाईक सातबारा असलेल्या घरातल्या बाईला हे वेगळं समजवायला नको. शिवाय लहान शेतजमीन विकायची असली, तर लगतच्या शेतकऱ्याला आधी विचारावं लागतं. त्याला न विचारता विकली, तर तो नंतर कोर्टात जाऊन ती जमीन स्वतःला मागू शकतो. ताईच्या व्यवहारात वकिलानं आधी शेजाऱ्यांना पत्रं पाठवली, उत्तरांची वाट पाहिली, आणि मगच सौदा केला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिथं जमीन दोन प्रकारची. एक शेतीची आणि एक घराची. शेतीच्या जमिनीवर घर बांधायला परवानगी सहजी मिळत नाही. आणि चाकं आहेत म्हणून कॅराव्हॅन शेतात लावून कायमचं राहावं, असंही नाही. नगरपालिका दंड करू शकते, हलवायला सांगू शकते. व्हिडिओत हा भाग नसतो. ताईनं जमीन घेतली ती त्या पडक्या घरासाठी. ते घर नोंदीत घर म्हणूनच होतं, म्हणून नगरपालिकेकडे दुरुस्तीचा अर्ज करता आला.

आणि नाव? नवरा म्हणाला होता, "सध्या माझ्या नावावर करू, धावपळ कमी होईल. तुझं नंतर लावू." ताई म्हणाली, "माझ्या आठ वर्षांच्या रात्रपाळ्या त्या पैशात आहेत. नंतर नको. आत्ताच." खरेदीखत दोघांच्या नावावर झालं. तिच्या ओळखीत एक बाई होती. लग्न न करता जोडीदाराबरोबर राहायची. पाच वर्षं तिनं दगड वाहिले, गवंड्याच्या हाताखाली राबली. दोघांचं पटेनासं झालं, तेव्हा ती दोन बॅगा घेऊन निघाली. जमीन त्याच्या नावावर होती.

गाडी कुठे उभी करायची?

ताई इथं चुकली, आणि ती चूक तिनं हसत सांगितली. जागा बघायला गेले तेव्हा वरच्या मजग्यावरून सूर्यास्त फार छान दिसायचा. म्हणून कॅराव्हॅन तिथंच लावली. पाणी होतं खाली. त्या भागात डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणून झऱ्याचं पाणी काढायची जुनी पद्धत आहे. माणूस वाकून आत जाईल एवढा बोगदा, आत पाणी ठिबकतं आणि तोंडाशी कुंडीत साठतं. कॅराव्हॅनच्या आतली पाण्याची टाकी चाळीस लिटरची. दोघांना स्वयंपाक, भांडी, अंघोळ धरून रोज साठ लिटर लागायचं. साठ लिटर म्हणजे साठ किलो, तेही चढावर. वीस लिटरचे तीन कॅन. दोन महिने वाहिल्यावर नवऱ्याची पाठ धरली आणि सूर्यास्त कुणी बघेना.

मग त्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून कॅराव्हॅन पाण्याच्या खालच्या अंगाला आणली. कुंडीपासून पाईप टाकला, मध्ये हजार लिटरची टाकी ठेवली. पाणी उतारानं आपोआप येऊ लागलं. पंप नको, वीज नको. घराचा पहिला मोठा खर्च हाच, असं ताई म्हणते.

त्याच्याबरोबर तिनं एक वही केली. दर पंधरा दिवसांनी दहा लिटरची बादली पाईपखाली धरायची आणि भरायला किती मिनिटं लागतात ते लिहायचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा. एप्रिलमध्ये बादली दोन मिनिटांत भरायची. सप्टेंबरमध्ये पंचवीस मिनिटं लागली. आता हिशोब करा. दिवसाची मिनिटं १४४०. भागिले पंचवीस, म्हणजे सत्तावन्न बादल्या. दिवसाला साधारण पावणेसहाशे लिटर. घराला पुरेल, टाकीत साठवलं तर थोडी भाजीही होईल, पण अडीच एकर भिजणार नाही. एप्रिलचा आकडा धरून बाग लावली असती, तर सगळी रोपं करपली असती. आपल्याकडे हाच आकडा मे महिन्यात घ्यायचा. विहीर जुलैत बघून कुणीही खूश होतं.

पाणी तिनं तपासूनही घेतलं. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पिण्याजोगं असतंच असं नाही.

संडास, सांडपाणी

हा प्रश्न विचारायला तुम्ही लाजलात, पण ताईनं तो सगळ्यात सविस्तर सांगितला. कॅराव्हॅनमध्ये एक छोटा डबा असतो. तो दोन-तीन दिवसांत भरतो, आणि तो कुठेही ओतता येत नाही. म्हणून तिनं बाहेर लाकडी आडोसा करून कोरडा संडास बांधला. त्यात पाणी टाकायचं नाही. लघवी वेगळी जाते, आणि मैल्यावर दर वेळी लाकडाचा भुसा टाकायचा. भुसा पुरेसा असला तर वास येत नाही. पिंप भरलं की झाकून बाजूला ठेवायचं आणि दुसरं वापरात घ्यायचं. वर्ष उलटून गेल्यावर त्याची माती होते. ती झाडांच्या मुळाशी घालायची, भाजीला नाही. आपल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासाचं तत्त्वही हेच. एक खड्डा वापरात, दुसरा विसावा घेतोय. आणि संडास झऱ्यापासून लांब, झऱ्याच्या खालच्या अंगाला.

भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी तिनं चर काढून झाडांना सोडलं. सवय झाली तशी तिनं जहाल साबण वापरणं बंद केलं, कारण जे ओतू ते झाडाच्या मुळाशीच जाणार.

युनिटाचा हिशोब

छपरावर सौर पॅनल, आत बॅटरी. ऐकायला सोपं. आता आकडे बघा. बॅटरी बारा व्होल्टची आणि दोनशे अँपिअर-तासांची. दोघांचा गुणाकार केला तर २४०० वॉट-तास होतात. हजार वॉट-तास म्हणजे आपल्या बिलातलं एक युनिट. म्हणजे बॅटरीत भरून भरून २.४ युनिटं. पण साधी ॲसिडची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर खराब होते. म्हणून हातात उरली १.२ युनिटं.

सात वॉटचे चार दिवे पाच तास लावले तर ०.१४ युनिट. छोटा फ्रीज दिवसाला अर्धं युनिट. हजार वॉटची इस्त्री अर्धा तास फिरवली की तीही अर्धं युनिट खाते. म्हणून तीन वर्षं दोघांनी चुरगळलेले कपडे घातले. मिक्सर भर दुपारीच, ऊन असताना. वाटण थोडं असेल तर वेंगुर्ल्याहून नेलेला खलबत्ता. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा. ढग आले की बॅटरी भरतच नाही. तेव्हा फ्रीज बंद, तशीही बाहेर थंडीच असते. स्वयंपाक गॅसवर. तिकडचा सिलिंडर तेरा किलोचा, आपल्यासारखाच खांद्यावर आणावा लागतो.

ओल आणि खोकला

पहिल्या हिवाळ्यात ताईला खोकला लागला. तो जाईना. स्वतः नर्स, पण कारण लवकर ध्यानात आलं नाही. एक दिवस गादी उचलली तर खालून काळी बुरशी. रात्रभर दोन माणसांचा श्वास, शेगडीची वाफ, वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ थंड पातळ भिंतीला लागून तिचं पाणी होतं. थंडी वाजते म्हणून त्यांनी खिडक्या आणि हवेची भोकंही कापड लावून बंद केली होती. तिनं मला दोनदा बजावलं, "हे सगळ्यांना सांग. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नये. त्या धुराला कधी कधी वासही नसतो. माणूस झोपेतच जातो." तेव्हापासून हवेची भोकं उघडी आणि भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारं छोटं यंत्र. गादीखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, ऊन पडलं की अंथरूण बाहेर. कॅराव्हॅनवर खांब रोवून पत्र्याचं वेगळं छप्पर घातलं. त्यामुळे पाऊस अडला आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या उन्हात आत भट्टी होत होती तीही कमी झाली. त्याच छपराखाली बाहेर स्वयंपाकाची ओटी झाली. ताई म्हणते, खरं घर ते छप्परच होतं. डबा फक्त निजायला.

वणवा

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात कुणाच्या तरी काडीनं गवत पेटतं आणि दहा वर्षं वाढवलेली काजूची बाग तासाभरात जाते. त्या भागातली आग त्याहून भयंकर. १७ जून २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांद या भागात वणवा लागला. ६६ माणसं गेली. त्यातली बरीच जण गाडीतून पळून जाताना रस्त्यातच आगीनं घेरली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा वणवे लागले आणि पुन्हा कित्येक जीव गेले.

त्यानंतर घराभोवती पन्नास मीटरपर्यंत झाडोरा साफ ठेवायचा नियम कडकपणे लावला गेला. उन्हाळ्याआधी सफाई न करणाऱ्याला दंड. धोक्याच्या दिवसांत पालापाचोळा पेटवायला बंदी. २०१८ पासून 'सुरक्षित गाव, सुरक्षित माणसं' अशा अर्थाचा एक सरकारी कार्यक्रम आहे. गावातल्या एका माणसाकडे जबाबदारी असते. आग आली तर कुणी कुठं जमायचं, म्हाताऱ्यांना कुणी आणायचं, हे आधीच ठरलेलं असतं. ताईच्या दाराशी कायम एक पिशवी टांगलेली असते. त्यात जमिनीचे कागद, पासपोर्ट, औषधं. मदतीचा नंबर तिकडे ११२. आपल्याकडेही ११२ च आहे. मोबाईलमध्ये घालून ठेवा.

शेजारची आजी

एकटं वाटत नाही का, असं तुम्ही विचारलं होतं. पहिले सहा महिने फार वाटलं, ती म्हणाली. भाषा येत नव्हती. एक दिवस खालच्या घरातली काळ्या कपड्यातली आजी आली आणि हातवारे करत "बाल्द, बाल्द" म्हणू लागली. ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बादली! आजीला बादली हवी होती. मग दोघी एकेक वस्तू दाखवत बसल्या. चावीला तिकडे 'शाव्ह', बटाट्याला 'बताता', घमेल्यासारख्या लाकडी भांड्याला 'गामेला'. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते. पाव, पगार, बटाटा, चावी, घमेलं हे शब्द तेव्हापासून आपल्या घरात आहेत. ताई म्हणते, "सात समुद्रापलीकडे मला घमेल्यानं शेजारीण मिळवून दिली."

त्या आजीनं तिला बरंच शिकवलं. नोव्हेंबरात ऑलिव्ह झोडून गिरणीत न्यायचे आणि तेल घेऊन यायचं. बुचाच्या झाडाची साल दर नऊ वर्षांनी काढायची आणि काढल्या वर्षाचा आकडा खोडावर रंगवायचा. ते झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पाणी कुठल्या महिन्यात आटतं, थंड वारा कुठून येतो, हेही आजीला पाठ. त्यामुळे ताईनं घराचा आराखडा बदलला. स्वयंपाकघर उत्तरेला होणार होतं, ते दक्षिणेच्या उन्हात आलं. जमिनीवर सगळे ऋतू राहिल्याशिवाय हे कळलं नसतं. कॅराव्हॅनचा खरा फायदा तिला हाच वाटतो.

मग हसायचं का?

शेवटी मी तुमचा तो प्रश्न विचारला. ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "व्हिडिओ उन्हात काढतात गो. पावसात कोण काढतो? आणि दुसरं म्हणजे आम्हाला परत जायची वाट होती. माझी नोकरी मला कुठल्याही दवाखान्यात मिळाली असती. नको झालं तर सोडता येतं, म्हणून सोसवतं. तुझ्या गटातल्या त्या बाईला मांगर सोडून कुठं जाता येणार होतं?"

मग तिनं स्वतःची सगळ्यात मोठी चूक सांगितली. "आम्ही वर्षभर म्हणालो, पण कुठं लिहिलं नाही. एक वर्ष झालं, मग अजून एक पावसाळा, मग अजून एक. दर वेळी पैसे आधी कुंपणाला, मग ट्रॅक्टरला, मग झाडांना. घर शेवटी. तिसऱ्या वर्षी मी भिंतीवर तारीख लिहिली. या दिवसानंतर मी इथं झोपणार नाही, घराची एक खोली तरी झालीच पाहिजे. आणि झाली."

आज ती त्या दगडी घरात राहते. कॅराव्हॅन अजून आहे. त्यात कोंबड्यांचं खाद्य ठेवतात.

मैत्रिणींनो, आपल्याकडे किती तरी जणी घर होईपर्यंत मांगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, पडवीत राहतात. 'तात्पुरतं आहे' म्हणून बाईनं ओल सोसायची, अंधारात बाहेर जायचं, पाणी चढावर वाहायचं. त्या 'तात्पुरतं'ची तारीख कुणी लिहिलेली नसते. ती तारीख विचारायचा हक्क आपल्याला आहे. पुढचा हप्ता कधी, छप्पर कधी, संडास आधी की फरशी आधी, हे घरात सगळ्यांसमोर बोलायचं. संडास आणि पाणी आधी. फरशी थांबेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा आणायचा आहे. नवऱ्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव त्यावर लावता येतं. कुणाचं लागलंय, कुणाचं नाही, ते आपण एकत्र बघू आणि ज्यांचं नाही त्यांचे अर्ज तिथंच बसून लिहू. ताईला मी तसा शब्द दिलाय.